विदर्भाच्या उन्हात म्हैस वेळेवर गाभण राहण्यासाठी

एक साधा हिशेब मांडून पाहा. म्हैस १० मार्चला व्याली. व्याल्यानंतर दोन महिन्यांनी ती पुन्हा माजावर यावी असे धरले, तर तारीख येते ९ मे. तेव्हा चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो, विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते आणि गव्हाणीत कोरड्या कुटाराशिवाय (मळणीनंतरच्या भुशाशिवाय) काही नसते. म्हैस माज दाखवत नाही. नवतपा जातो, मृग लागतो, पोळा होतो. दसऱ्याच्या आसपास ती माजावर येते आणि १५ ऑक्टोबरला भरते (गाभण राहते). म्हशीचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, म्हणजे पुढचे वेत २१ ऑगस्टला. दोन वेतांमध्ये सतरा महिन्यांहून जास्त अंतर पडले.

आता दुसरी म्हैस घ्या. ती २१ सप्टेंबरला व्याली. तिचे साठ दिवस २० नोव्हेंबरला भरतात. थंडी पडलेली, हिरवा चारा हाताशी. हिचा माज नीट दिसतो. १५ डिसेंबरला ती गाभण राहिली, तर २१ ऑक्टोबरला पुन्हा वितेल. अंतर तेरा महिने. दोन्ही म्हशी एकाच जातीच्या, एकाच मालकाच्या असू शकतात. मग पहिली ‘बिघडली’ म्हणून बाजारात जाते आणि दुसरीचे कौतुक होते. बहुतेक वेळा बिघाड म्हशीत नसतो, तिच्या वाट्याला आलेल्या ऋतूत आणि त्या ऋतूत आपण तिला कसे ठेवले यात असतो. नव्याने म्हशी ठेवणाऱ्याने सुरुवात इथून करावी.

दिवस लहान होऊ लागले की

म्हैस हा लहान दिवसांत माजावर येणारा प्राणी आहे. नागपूरच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये अकरा तासांच्याही थोडा आत येतो. अंधाराचे तास वाढले की मेंदूतले मेलॅटोनिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढते आणि बीजांडे (अंडाशय) कामाला लागतात. म्हणून आपल्याकडे सप्टेंबर ते फेब्रुवारी हा माजाचा खरा हंगाम, आणि त्यातून होणारी वेते जुलै ते डिसेंबरमध्ये. दिवसाची लांबी आपल्या हातात नाही. पण कडक उन्हाळ्यात माज दडण्याला दिवसाची लांबी एकटी कारण नसते. उष्णता आणि उपासमार हीही तितकीच मोठी कारणे आहेत, आणि ती दोन्ही हातातली आहेत. कोठा थंड, पोट भरलेले आणि मिनरल मिक्श्चर (क्षारांचे मिश्रण) नियमित असेल, तर उन्हाळ्यातही बऱ्याच म्हशी माजावर येतात आणि गाभणही राहतात. हिवाळ्याइतके प्रमाण मिळेल अशी आशा मात्र धरू नये.

म्हणून पहिले काम वहीतले. प्रत्येक म्हशीची व्याल्याची तारीख लिहा, त्यात साठ दिवस मिळवा आणि ती तारीख कोणत्या महिन्यात पडते ते पाहा. एप्रिल, मे, जूनमध्ये पडत असेल तर त्या म्हशीच्या नावापुढे खूण करा. खाली सांगितलेली थंडाव्याची आणि खुराकाची मेहनत आधी तिच्यावर घ्यायची आहे. सगळ्यांवर सारखी घेण्याइतके पाणी विदर्भात उन्हाळ्यात नसते.

मेचे ऊन आणि भाद्रपदातली उमस

काळी कातडी ऊन ओढते. अंगावर केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फार कमी, साधारण सहावा हिस्सा. त्यामुळे म्हैस घामावाटे फारशी थंड होत नाही. तिला बाहेरून पाणी लागते, सावली लागते, नाहीतर ती धापा टाकते. अंग तापले की शरीरात प्रोलॅक्टिन वाढते आणि बीजांडाला चालना देणारी संप्रेरके दबतात. बीज पिकते पण माज बाहेर दिसत नाही, किंवा बीज पिकतच नाही. फळलेच, तरी पहिल्या एक-दोन आठवड्यांतला इवलासा गर्भ तापलेल्या गर्भाशयात टिकत नाही. मालकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त म्हैस उलटलेली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आलेली दिसते.

नवखा माणूस इथे एक चूक हमखास करतो: पाऊस पडला की उन्हाळा संपला असे तो समजतो. ताप आणि हवेतला ओलावा मिळून एक निर्देशांक काढतात. म्हशीला साधारण ७२ ते ७५ च्या पुढे त्रास सुरू होतो. मेमध्ये ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली तर हा आकडा ८६ च्या घरात जातो. आता पावसाने उघडीप दिलेली ऑगस्टमधली दुपार घ्या: ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता. आकडा पुन्हा ८६. म्हशीच्या दृष्टीने दोन्ही दुपारी सारख्याच. फरक एवढाच की मेमध्ये कोरड्या हवेत पाणी पटकन उडते आणि अंग थंड करते. ऑगस्टमध्ये ते अंगावरच बसून राहते.

आकडे काढायचे नसतील तर श्वास मोजा. दुपारी दोन-अडीचला उभ्या म्हशीच्या मागे बाजूने उभे राहून बरगडीमागची खोळ किती वेळा हलते ते घड्याळ लावून एक मिनिट मोजायचे. निवांत म्हशीचे श्वास मिनिटाला १५ ते २५ पडतात. चाळिसाच्या पुढे गेले की तिला ताप होतो आहे. तोंड उघडून, जीभ काढून, लाळ गाळत असेल तर मोजत बसू नका, आधी पाणी टाका. गुदद्वारातले तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइट असावे. संध्याकाळी सातनंतरही ते १०३ च्या वर राहत असेल तर तुमची दुपारची व्यवस्था अपुरी आहे.

कोठा

कोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचे तिरपे ऊन लांब बाजूने आत शिरत नाही. एका मोठ्या म्हशीला छताखाली साधारण ४० चौरस फूट आणि मोकळ्या आवारात त्याच्या दुप्पट जागा द्यावी. गव्हाणीवर प्रत्येकीला दोन ते अडीच फूट. छपराची कड जमिनीपासून किमान आठ फूट, मधली उंची बारा-तेरा फूट. जुन्या कोठ्यांतली सहा फुटांवरची टिनं म्हणजे म्हशीच्या पाठीवर ठेवलेला तवाच. नवे बांधताना कडेला अडीच-तीन फुटांची पडवी पुढे काढा.

टिनं आधीच असतील तर ती उतरवण्याची गरज नाही. वरून चुन्याचे दोन हात द्या आणि त्यावर तणस (धानाचा पेंढा), पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) किंवा तुराट्यांचा चार ते सहा इंचांचा थर दोऱ्यांनी बांधून टाका. सकाळी दहा वाजता आणि दुपारी एकदा तो ओला केला तर आतली धग लक्षणीय उतरते. हा थर वाळला की एका ठिणगीने पेटतो, म्हणून चूल, बिडी आणि सैल वायर कोठ्यापासून दूर. वीजजोडणी दुरुस्त करून मगच थर चढवा.

पश्चिमेच्या बाजूला तट्टे किंवा बारदाना लावून ओला ठेवा. चारही बाजू बंद करणे मात्र घातक. म्हशींच्या श्वासाने आणि मुताने आत ओलावा साचतो, वारा थांबतो, आणि सावली असूनही श्वास साठीवर जातो. पडदा एका बाजूने, वारा दुसऱ्या बाजूने मोकळा. संध्याकाळी सहाला पडदे गुंडाळून टाका. रात्रीचा वारा आत आला पाहिजे, कारण दिवसभर साठलेली उष्णता म्हैस रात्रीच बाहेर टाकते. शक्य असेल तर रात्री तिला आवारात मोकळ्या आभाळाखाली बांधा.

झाडाची सावली छपरापेक्षा सरस असते. कडुनिंब, करंज यांच्याखालची हवा थंड असते. पण एकाच झाडाखाली वर्षानुवर्षे बांधले की तिथे चिखल, गोचीड आणि मुताचा वास साठतो. जागा पालटत राहा.

पाणी: किती, कधी, कसे

दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात पिण्यासाठीच ८० ते १०० लिटर पाणी लागते. टाके सावलीत हवे. उघड्यावरच्या काळ्या पाइपात दुपारी तापलेले पाणी म्हैस तोंड लावून सोडून देते, आणि पाणी कमी प्यायलेली म्हैस वैरणही कमी खाते. पाइप जमिनीत गाडा किंवा निदान तणसाने झाका.

अंगावर पाणी टाकायच्या वेळा अशा ठेवा: साडेअकरा, दोन, साडेचार आणि पुन्हा संध्याकाळी साडेसात. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटे, पाणी केसांवरून ओघळून कातडीपर्यंत पोहोचेपर्यंत. नुसते शिंपडून पाठ ओलसर केल्याने काही साधत नाही. त्यानंतर पंधरा मिनिटे पंखा, किंवा जिथे वारा लागतो तिथे उभी करा. संध्याकाळचे पाणी बहुतेक जण टाळतात, पण गाभ राहण्याच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे. त्यानंतर म्हैस मन लावून खाते. दूध काढायच्या आधी कास ओली ठेवू नका, पुसून घ्या.

फॉगर विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. बारीक तुषार मे महिन्यात छान काम करतात, कारण हवा कोरडी असते. जुलै ते सप्टेंबरमध्ये तेच तुषार हवेतला ओलावा आणखी वाढवतात. त्या महिन्यांत मोठ्या थेंबांनी अंग चिंब करायचे आणि पंखा जोरात लावायचा. पंखा नसेल तर पावसाळ्यात फॉगर बंदच बरा.

डुंबायला मिळाले तर उत्तमच. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात दोन तास पुरेत. पूर्व विदर्भात मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आणि बोड्या (शेतातली लहान तळी) आहेत, त्या भागातल्या म्हशी या बाबतीत नशीबवान. पण एप्रिलनंतर बोडीत गुडघाभर हिरवट गाळ उरतो. त्यात गोगलगायी, त्यांच्यामुळे यकृतातले पानासारखे चपटे जंत, आणि जळवा. असा गाळ डुंबण्यासाठी वापरणार असाल तर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर शेण तपासून जंताचे औषध द्यावे लागेल. कोणते ते डॉक्टर शेणाच्या तपासणीवरून सांगतील. गाभण म्हशीला कोणतेही औषध विचारल्याशिवाय देऊ नका.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. बोअरचे पाणी खारट असते आणि उन्हाळ्यात ते आणखी खारट होते. पाणी तपासून घ्या. एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ३,००० मिलिग्रॅमपर्यंत असतील तर चिंता नाही. ७,००० च्या पुढचे पाणी गाभण आणि दुभत्या म्हशीला देऊ नये. मधल्या पट्ट्यात असाल तर शेततळ्याचे किंवा नळाचे पाणी मिसळा आणि खुराकातले मीठ कमी करा किंवा बंदच करा.

उन्हाळ्यातली वैरण

साधारण ५०० किलो वजनाच्या, दिवसाला आठ लिटर दूध देणाऱ्या म्हशीचा हिशेब असा: हिरवा चारा २० ते २५ किलो, कोरडी वैरण ५ ते ६ किलो, शरीर सांभाळायला खुराक दीड किलो आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो, म्हणजे एकूण साडेपाच किलो. त्यात मिनरल मिक्श्चर ५० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम.

आता आपल्याकडचे खरे चित्र पाहू. सोयाबीनचे, तुरीचे, हरभऱ्याचे कुटार भरपूर. पूर्वेकडे तणस भरपूर. सरकीची ढेप घरोघर. हिरवे मात्र फेब्रुवारीनंतर नाहीच. कुटार, कडबा आणि तणस तिन्हींत फॉस्फरस कमी, आणि वाळलेल्या वैरणीत ‘अ’ जीवनसत्त्वाचा अंश उरत नाही. तणसातले ऑक्झलेट वरून दिलेले कॅल्शियमही बांधून ठेवते. तीन-चार महिने नुसते कोरडे खाल्लेल्या म्हशीची बीजांडे आकसतात. डॉक्टर हात घालून ‘बीजांड गुळगुळीत आहे, काहीच वाढलेले नाही’ असे सांगतात. तिथे इंजेक्शनापेक्षा आधी गव्हाण बघायला हवी.

पाच म्हशींना उन्हाळ्याचे शंभर दिवस रोज पंधरा किलो मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) द्यायचा तर साडेसात टन लागतो. एका घनमीटरात दाबून भरलेला मुरघास साधारण ६०० किलो बसतो. म्हणजे चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर साठ सेंटिमीटर खोल खड्डा पुरतो. मका दाणा चिकात असताना कापा, एक इंचाच्या आत कुट्टी करा, थराथराने तुडवा आणि प्लास्टिकने हवाबंद करा. ४५ दिवसांनी उघडता येतो. एवढे जमत नसेल तर विहिरीच्या सांडपाण्यावर दोन गुंठे संकरित नेपियर लावा. दिवसाला तीन-चार किलो हिरवे मिळाले तरी फरक पडतो.

कुटार किंवा तणस युरियाने सुधारता येते: १०० किलो वैरणीला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडायचा, ताडपत्रीने घट्ट झाकून २१ दिवस ठेवायचे. देण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वगारी-पारड्यांना हे देऊ नये. आणि युरियाचे पाणी उघड्या बादलीत कधीही सोडू नका. तहानलेली म्हैस ते पिऊन मरते.

सरकीची ढेप चांगली, पण सगळा खुराक तिचाच नको. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते, त्यामुळे दिवसाला दोन-अडीच किलोच्या पुढे जाऊ नये. बाकीची भर तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा यांनी करा. कोंड्यातून फॉस्फरसही मिळतो. रेतनासाठी ठेवलेल्या हल्याला (रेड्याला) ढेप आणखी कमी.

खाऊ घालण्याची वेळ पालटा. कोरडी वैरण पचताना पोटात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर तीन ते पाच तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी दहाला कुटार टाकले की ही उष्णता नेमकी दुपारच्या उन्हात भर घालते. म्हणून पहाटे पाचला एक वाटा आणि मोठा वाटा संध्याकाळी सातनंतर. दुपारी फक्त हिरवे, तेही असेल तर.

माज पकडणे

म्हशीला मुका माज असतो असे आपण म्हणतो. म्हैस गाईसारखी दुसरीवर उड्या मारत नाही, आणि उन्हाळ्यात तर रेकतही नाही. त्यातून माजाच्या खुणा बऱ्याचदा रात्री आणि पहाटे उमटतात. दिवसभर कोठ्यात राबणाऱ्या माणसाला तो दिसत नाही, यात त्याचा आळस नसतो. तो चुकीच्या वेळी बघत असतो.

चार फेऱ्या ठरवा: पहाटे पाच, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. वीस मिनिटे, मोबाइल खिशात ठेवून. रात्रीची आणि पहाटेची फेरी कधीच चुकवू नका. म्हशी बसलेल्या असताना बॅटरीने मागची जमीन पाहा. म्हशीचा सोट (माजातला चिकट स्राव) गाईपेक्षा कमी असतो आणि लोंबत नाही. बसल्यावर दाबाने बाहेर पडतो आणि फरशीवर काचेसारखा चकाकतो. सकाळी शेण काढताना तो त्यातच निघून जातो, म्हणून शेण काढण्याआधी बघायचे. सोट अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ हवा. त्यात पू, पिवळेपणा किंवा वास असेल तर त्या माजाला रेतन करू नका, उपचार करा.

दुसऱ्या खुणा: थोडी-थोडी आणि वारंवार लघवी, शेपटी बाजूला धरणे, निरणाच्या (योनीमुखाच्या) सुरकुत्या जाऊन सूज येणे, आतली कातडी गुलाबी दिसणे, दूध अचानक अर्धा-एक लिटरने कमी, आणि वेळ नसताना सड ताठ भरणे. ही शेवटची खूण म्हशीत फार उपयोगी आहे आणि ती बहुतेक वेळा दूध काढणाऱ्या बाईच्याच लक्षात येते. पुरुषमाणूस डॉक्टरला फोन लावतो, पण माहिती तिच्याकडे असते. वहीत तिचे म्हणणे लिहा.

माज साधारण दर २१ दिवसांनी, आणि टिकतो बारा ते चोवीस तास. एकदा माज दिसला आणि रेतन झाले नाही, तरी तारीख लिहाच. १८ व्या दिवसापासून २४ व्या दिवसापर्यंत त्या म्हशीवर दुप्पट लक्ष. आठ-दहा म्हशी असतील तर नसबंदी केलेला हल्या पहाटे आणि संध्याकाळी त्यांच्यातून फिरवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तो ज्या म्हशीजवळ थांबतो आणि जी त्याच्यापुढे हलत नाही, ती माजावर आहे.

रेतन आणि नंतरचे दोन आठवडे

म्हशीत बीज माज संपल्यानंतर साधारण दहा ते चौदा तासांनी सुटते. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन. दुसऱ्या दिवशीही खुणा जोरात असतील तर बारा तासांनी आणखी एकदा करून घ्या. उन्हाळ्यात भर दुपारी रेतन टाळा.

गोठवलेल्या वीर्याची कांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. ती ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवून वितळवायची, पुसायची आणि लगेच वापरायची. खिशात गरम करणे, उन्हात मोटरसायकलच्या सीटवर ठेवणे, हंड्यातल्या अंदाजे कोमट पाण्यात बुडवणे, यातले काहीही झाले की त्या कांडीत काही उरत नाही. थर्मामीटर आणि गरम पाण्याचा थर्मास तुम्ही स्वतः तयार ठेवा, म्हणजे येणाऱ्याला सबब राहत नाही. कांडीवरचा वळूचा क्रमांक वहीत लिहून घ्या.

नैसर्गिक रेतन करणार असाल तर हल्यालाही तेवढाच थंडावा लागतो. तापलेल्या हल्याचे वीर्य लगेच खराब दिसत नाही. मेमधल्या उन्हाचा परिणाम जून-जुलैत, दीड-दोन महिन्यांनी दिसतो. म्हणून जुलैत उलटणाऱ्या म्हशींचा दोष मेमधल्या हल्यात असू शकतो. शिवाय गावाचा हल्या गावाचे रोगही वाटत फिरतो.

रेतनानंतर म्हशीला तासभर सावलीत शांत ठेवा, आणि पुढचे पंधरा दिवस थंडाव्याच्या चारही वेळा न चुकवता पाळा. सर्वाधिक नुकसान याच दिवसांत होते.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. गाय २१ दिवसांनी उलटली नाही की आपण ती गाभण धरतो. म्हशीत, आणि तेही मार्च-एप्रिलमध्ये रेतन केलेल्या म्हशीत, हा अंदाज चालत नाही. ती उलटली नाही याचा अर्थ तिचा माज उन्हाळ्याने बंद पडला, असाही असू शकतो. मालक निश्चिंत राहतो आणि पोळ्याला कळते की पोट रिकामेच आहे. म्हणून रेतनानंतर ६० ते ७० दिवसांनी हात घालून तपासणी झालीच पाहिजे. सोनोग्राफीची सोय असेल तर ती ३०-३५ दिवसांनीही करता येते.

पावसाळ्यातले हाल

पाऊस पडला की काळ्या मातीचा कोठा चिखल होतो. व्यालेल्या म्हशीचे गर्भाशय पहिले दोन-तीन आठवडे उघडे असते, आणि अशा चिखलात बसली की जंतू सरळ आत जातात. जुलै ते ऑक्टोबर हाच आपल्या बहुतेक वेतांचा हंगाम असल्यामुळे हे टाळण्यासाठी पाऊस सुरू होण्याआधीच एक कोपरा मुरूम आणि चुनखडी ठोकून उंच, निचऱ्याचा करा. उतार दर चाळीस-पन्नास फुटांना एक फूट पुरे. त्याहून जास्त उताराने गाभण म्हशीचे मागचे अंग खाली राहते आणि मायांग (योनीचा भाग) बाहेर येण्याचा धोका वाढतो.

वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर बोलवा. लोंबणाऱ्या वारीला दगड किंवा जुनी चप्पल बांधण्याची रीत अजून गावोगाव आहे. त्याने वार आतच फाटते, तुकडे सडतात, आणि म्हैस पुढे सहा-सहा महिने उलटत राहते.

सोयाबीन काढणीत पाऊस आला की कुटार आतून काळे-गुलाबी पडते. बुरशीच्या काही विषांमुळे गर्भपात आणि खोटा माज होतो. अशी वैरण ‘थोडी-थोडी’ देऊन संपवू नका, खतात टाका. ढेपेचे ढेकूळ फोडून वास घ्या. आंबट किंवा कुबट असेल तर तीही तशीच.

सहाव्या ते आठव्या महिन्यात म्हैस गाभडली तर सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा संशय धरा. गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना टाकू नका; हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुन्यासह पुरा. हा रोग माणसाला होतो, महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी लागते. त्या म्हशीचे दूध उकळल्याशिवाय वापरू नये. लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या वगारींना, आयुष्यात एकदा. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत दिली जाते. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मागून घ्या. डॉक्टर जवळ नसतील तर फिरत्या पथकासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे.

गाभणपणाचे शेवटचे दोन महिने

विण्याआधी ६० दिवस म्हैस आटवा. या काळात रोज दोन किलो खुराक जास्त द्या. व्याली तेव्हा बरगड्या दिसत नाहीत पण पाठीवर चरबीही नाही, अशी अंगयष्टी हवी. रोड म्हैस व्याल्यावर स्वतःचे मांस दुधात घालवते आणि माज पुढे ढकलते.

शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात डुंबणे बंद. गाळात लोळताना, घसरताना किंवा दुसरीने धडक दिल्यावर गर्भाशयाला पीळ पडतो, आणि म्हशीत हा प्रकार गाईपेक्षा जास्त आढळतो. कळा येऊन चार-पाच तासांत काही पुढे सरकत नसेल, म्हैस ऊठ-बस करत पोटाकडे बघत असेल, तर ओढाताण करू नका. डुंबणे बंद असलेल्या दिवसांत थंडाव्यासाठी पाइपाने पाणी मारा, ते पुरते.

वगारी

वगार, म्हणजे अजून न व्यालेली तरुण म्हैस, वयावर नव्हे, वजनावर भरवायची. नागपुरी किंवा पूर्णाथडी वगारीला २५०-२७५ किलो, मुऱ्हाला ३०० किलोच्या आसपास. उन्हाळ्यात वगारींना शिळेपाके कुटार आणि उन्हातली जागा मिळते, म्हणून त्यांचा प्रत्येक उन्हाळा चार-सहा महिने वाढ खातो. त्यांना रोज दीड किलो खुराक आणि ३० ग्रॅम मिनरल मिक्श्चर द्या.

ऑक्टोबर उलटला तरी माज नाही तर

दिवाळीपर्यंत वाट पाहून नंतर धावपळ करू नका. १५ सप्टेंबरला रिकाम्या म्हशींची यादी काढा, जंताचे औषध द्या, मिनरल मिक्श्चर महिनाभर न चुकवता चालू ठेवा, आणि १५ ऑक्टोबरला सगळ्यांची एकदम तपासणी करून घ्या. त्या तपासणीनंतर डॉक्टर संप्रेरकांचा उपचार ठरवतील, पण तो तगड्या म्हशीवर चालतो. हडकुळीवर पैसे वाया जातात. दुकानातून ‘माजाची गोळी’ किंवा इंजेक्शन स्वतः आणून देऊ नका. म्हैस गाभण असेल आणि तुम्हाला माहीत नसेल तर त्याच इंजेक्शनाने ती गाभडते. अवघड प्रकरणांसाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे. जाताना वही सोबत न्या.

विकत घेताना

उन्हाळ्यात दुधाला भाव असतो म्हणून नवे लोक मार्च-एप्रिलमध्ये हरियाणाकडची मुऱ्हा आणतात. प्रवासाचा शीण, नवे पाणी, नवी वैरण आणि त्यावर आपला मे. ती म्हैस त्या वर्षी माजावर येईल ही अपेक्षाच चुकीची. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, नुकती व्यालेली म्हैस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या. तिला उन्हाळ्याआधी गाभण राहायला पुरते चार महिने मिळतात. पाण्याची आणि हिरव्याची सोय बेताची असेल तर मुऱ्हाचा हट्ट सोडा. नागपुरी आणि पूर्णाकाठची भुरी पूर्णाथडी दूध कमी देतात, पण इथल्या उन्हाला आणि कुटाराला सरावलेल्या आहेत, आणि दर तेरा-चौदा महिन्यांनी वितात. विकणाऱ्याला दुधाचे माप विचाराच, पण त्याआधी मागची दोन वेते कोणत्या महिन्यात झाली ते विचारा.